पिएर बुगेर : जहाजाचा तोल गणितात पकडणारा शिक्षक

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी होडीत बसला आहात का? बसला असाल तर एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात असेल. होडी सुटायच्या आधी नावाडी सगळ्यांना खाली बसायला सांगतो. उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एकाच बाजूला गर्दी करायची नाही. नावाडी शाळेत किती शिकलाय हे आपल्याला ठाऊक नसतं, पण होडीचा तोल कशाने जातो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हे ज्ञान त्याच्या हातापायांत असतं.

आता विचार करा, होडीऐवजी शेकडो माणसं, डझनावारी तोफा आणि उंच डोलकाठ्या असलेलं मोठं जहाज असेल तर? ते पाण्यात उतरवल्यावर उभं राहील की कलंडेल, हे बांधण्याच्या आधी कसं कळणार? हजारो वर्षे माणूस जहाजे बांधत होता, पण या प्रश्नाला त्याच्याकडे अंदाजापलीकडे उत्तर नव्हते. हे उत्तर आकड्यांत देणारा माणूस होता एक शिक्षक. त्याचे नाव पिएर बुगेर. आज आपण त्यांचीच ओळख करून घेणार आहोत.

आधी एका बुडालेल्या जहाजाची गोष्ट

बुगेर यांचे काम किती मोठे होते हे समजायला त्यांच्या जन्माच्या सत्तर वर्षे आधी जाऊ. १० ऑगस्ट १६२८. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. राजा गुस्ताव्ह दुसरा अडॉल्फ याने मोठ्या हौसेने बांधून घेतलेले 'वासा' हे युद्धनौकांमधले देखणे जहाज पहिल्यांदाच बंदराबाहेर निघाले होते. त्यावर एकावर एक असे तोफांचे दोन मजले होते आणि एकूण ६४ तोफा होत्या. किनाऱ्यावर लोकांची गर्दी जमली होती.

वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कलले आणि सावरले. दुसरी झुळूक आली, जहाज पुन्हा कलले. या वेळी खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्या पाण्याखाली गेल्या. पाणी आत घुसले आणि 'वासा' तिथेच बुडाले. त्याने जेमतेम १,३०० मीटर अंतर कापले होते! सुमारे तीस माणसे दगावली.

खरी चटका लावणारी गोष्ट तर पुढेच आहे. जहाज असुरक्षित आहे हे आधीच दिसले होते. निघण्यापूर्वी तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे एकत्र पळायला लावून चाचणी घेतली गेली. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डुलायला लागले की नौदलाच्या अधिकाऱ्याने चाचणी थांबवली. पण जहाज थांबवले नाही. राजा युद्धात गुंतला होता, त्याला जहाज लवकर हवे होते. आणि जहाज डुलतंय म्हणजे नेमकं किती धोक्याचं आहे, हे कुणालाच आकड्यात सांगता येत नव्हतं. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

मित्रांनो, भीती सगळ्यांना वाटत होती. पण नुसत्या भीतीच्या जोरावर राजाला नाही म्हणता येत नाही. त्यासाठी हातात मोजमाप लागतं. ते मोजमाप यायला अजून शंभरहून अधिक वर्षे लागणार होती.

वडिलांची शाळा आणि सोळा वर्षांचा मास्तर

पिएर बुगेर यांचा जन्म फेब्रुवारी १६९८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ल क्रोआझिक या लहानशा बंदरात झाला. वडील जाँ बुगेर हे तिथे खलाशांना जलमार्गशास्त्र शिकवणारे राजनियुक्त शिक्षक होते. जहाज समुद्रात नेमके कुठे आहे हे सूर्य-ताऱ्यांवरून कसे काढायचे, नकाशा कसा वाचायचा, दिशा कशी धरायची, हा त्यांचा विषय. त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले होते. म्हणजे पिएरच्या घरातच शाळा होती म्हणा ना! इतर मुले गोट्या खेळत असतील त्या वयात हा मुलगा कोन, त्रिज्या आणि तक्ते यांच्याशी खेळत होता.

पण पिएर पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच वडील वारले आणि त्यांची जागा रिकामी झाली. या पोराने ती जागा स्वतःसाठी मागितली. त्याची परीक्षा घेतली गेली आणि तो उत्तीर्ण झाला. दाढी-मिशी न फुटलेला मास्तर समोर बसलेल्या, समुद्र पाहून आलेल्या रांगड्या खलाशांना गणित शिकवू लागला. कल्पना करून बघा, तुमच्या नववी-दहावीच्या वर्गातला मुलगा उद्या शिक्षक म्हणून उभा राहिला तर!

शिकवण्याचा एक फायदा असतो, बरं का. ज्याला रोज समुद्रावर जाणाऱ्यांना शिकवायचं आहे, त्याला पोकळ उत्तर देऊन चालत नाही. बुगेर यांच्या गणिताला ही सवय पहिल्यापासून लागली. त्यांचे गणित कायम कुठल्यातरी खऱ्या वस्तूला धरून असे.

डोलकाठी किती उंच असावी?

१७२७ साली पॅरिसच्या रॉयल अकादमी ऑफ सायन्सेसने एक बक्षीस जाहीर केले. प्रश्न होता : जहाजाच्या डोलकाठ्या कशा आणि कुठे उभाराव्यात?

प्रश्न साधा वाटतो, पण नीट बघा. वारा शिडांवर ढकलतो, म्हणजे जोर लागतो जहाजाच्या बऱ्याच वर. पाणी मात्र जहाजाला खालून अडवते. वर ढकलणारा आणि खाली अडवणारा असे दोन जोर वेगवेगळ्या उंचीवर लागले की वस्तू फिरायला बघते. चालत्या बसने करकचून ब्रेक मारला की आपले पाय थांबतात आणि डोके पुढे जाते, तसेच काहीसे. शिडे जितकी उंच, तितका वेग जास्त. पण तितकेच जहाजाचे नाक पाण्यात दाबले जाणार, किंवा वारा बाजूने असेल तर जहाज आडवे कलणार. म्हणजे वेग आणि तोल यांची ओढाताण आहे!

बुगेर यांनी या प्रश्नावर निबंध पाठवला आणि पहिले बक्षीस पटकावले. त्याच स्पर्धेत बाझेलच्या एका वीस वर्षांच्या तरुणाचा निबंध मागे पडला, तरी त्याची वाखाणणी झाली. तो तरुण म्हणजे लेओनहार्ड ऑयलर, पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांमध्ये गणला गेलेला! स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही. बुगेर मात्र बंदरात जन्मलेले, जहाजे बघत मोठे झालेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाणी चालत्या वस्तूला किती अडवते याचे शास्त्र त्या काळी कच्चे होते. त्यामुळे बुगेर यांनी काढलेल्या डोलकाठ्यांच्या मापांचा गोदीतल्या कारागिरांना फारसा उपयोग झाला नाही. पण त्यांना खरा प्रश्न सापडला होता : चालत्या जहाजाला कोणते जोर कुठे लागतात आणि ते जहाज पुन्हा सरळ कशामुळे होते?

पुढे १७२९ आणि १७३१ साली त्यांनी अकादमीची आणखी दोन बक्षिसे मिळवली. एक समुद्रावरून ताऱ्यांची उंची मोजण्याबद्दल, दुसरे होकायंत्राच्या सुईबद्दल. १७३० मध्ये ते ल आव्र या मोठ्या बंदरात शिक्षक म्हणून गेले आणि लवकरच अकादमीचे सदस्य झाले.

समुद्रप्रवास नको असलेला माणूस अँडीजमध्ये

त्या काळी विद्वानांमध्ये एक मोठा वाद चालला होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लिंबासारखी लांबट? न्यूटनच्या सिद्धांतानुसार ती चपटी असायला हवी होती. फ्रान्समधल्या काही मोजण्यांवरून ती लांबट वाटत होती. वाद मिटवायचा एकच मार्ग होता. विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ अक्षवृत्ताच्या एका अंशाची लांबी जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि तुलना करायची.

विषुववृत्ताजवळची तुकडी दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोरमधल्या किटो शहराकडे निघाली. लुई गोदँ, ला काँदामिन आणि बुगेर हे तिचे मुख्य शास्त्रज्ञ. बुगेर यांची तब्येत नाजूक होती आणि समुद्रप्रवासाचा त्यांना तिटकारा होता. गंमत बघा, जहाजांवर इतका विचार करणाऱ्या माणसाला जहाजात बसायला आवडत नव्हतं! तरीही ते गेले. १६ मे १७३५ रोजी ला रोशेल बंदरातून जहाज निघाले. वाटेत स्पेनचे दोन तरुण नौदल अधिकारी, होर्हे हुआन आणि आंतोनियो दे उयोआ, त्यांना येऊन मिळाले.

काम दोन-तीन वर्षांत उरकेल असे वाटले होते. बुगेर पॅरिसला परतले ते १७४४ मध्ये! म्हणजे आयुष्यातली नऊ वर्षे गेली. किटोपासून दक्षिणेला क्वेंका शहरापर्यंत, तीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर, डोंगरमाथ्यांवर खुणा उभारून त्रिकोणामागून त्रिकोण मोजायचे होते. पिचिंचा पर्वताच्या माथ्यावर एका झोपडीत त्यांना जवळपास तीन आठवडे काढावे लागले. कडाक्याची थंडी, विरळ हवा आणि समोर ढगच ढग. ढग हटले की मोजायचे, नाहीतर वाट बघायची. त्यात तिन्ही शास्त्रज्ञांचे आपसात पटेना. मोजणी अर्ध्यात असतानाच बातमी आली की उत्तरेकडे लॅपलँडला गेलेली मोपेर्तुई यांची तुकडी काम आटोपून परतली आणि पृथ्वी चपटी असल्याचे जाहीरही झाले. वादाचा निकाल लागला होता, आणि हे अजून डोंगरावर!

दुसरा कुणी असता तर हताश झाला असता. बुगेर यांनी मोजणी तर नेटाने पूर्ण केलीच, पण वाट बघण्याचा तो काळही वाया घालवला नाही. १७३८ मध्ये चिंबोरासो या प्रचंड पर्वताजवळ त्यांनी एक प्रयोग केला. गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. दोरीला बांधलेले वजन नेहमी सरळ खाली लटकते. पण शेजारी अजस्र पर्वत असेल तर तो त्या वजनाला किंचित स्वतःकडे ओढेल का? बुगेर यांना ओळंबा किंचित हललेला दिसला, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. हा ओळंबा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आणि याच वर्षांत, समुद्रापासून दूर, ढगांत बुडालेल्या डोंगरांमध्ये, त्यांनी जहाजांवरच्या एका मोठ्या ग्रंथाचा बराचसा भाग लिहिला. फ्रान्सचे नौदलमंत्री मोरपा यांना या कामात विशेष रस होता, कारण इंग्लंडपेक्षा आपली जहाजे कमी असतील तर निदान ती चांगली तरी हवीत. बुगेर परतल्यावर दोन वर्षांनी, १७४६ मध्ये, हा ग्रंथ पॅरिसमध्ये छापला गेला. त्याचे नाव 'त्रेते द्यू नाव्हीर', म्हणजे जहाजावरचा ग्रंथ. जहाजाच्या तोलाचे गणित तिथे प्रथमच पूर्णपणे मांडले गेले.

तीन बिंदूंची गोष्ट

चला, आता हे गणित समजून घेऊ. घाबरू नका, फक्त तीन बिंदू आहेत.

पहिला बिंदू गुरुत्वमध्य. जहाजाचे सगळे वजन जणू या एका बिंदूतून सरळ खाली ओढते. जड सामान तळाशी ठेवले तर हा बिंदू खाली येतो, तोफा वर चढवल्या तर तो वर जातो.

दुसरा बिंदू प्लावक बलाचा मध्य. आर्किमिडीजचे तत्त्व आठवते ना? बुडालेला भाग जितके पाणी बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर पाणी वर लावते. हा जोर बुडालेल्या भागाच्या मध्यातून सरळ वर लागतो.

जहाज सरळ असताना हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. एक जोर खाली, एक वर, सारखेच. सगळे शांत.

आता जहाज थोडे उजवीकडे कलले. सामान जागचे हलले नाही तर गुरुत्वमध्य जहाजात आहे तिथेच राहतो. पण पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो. उजवी बाजू जास्त बुडाली, डावी थोडी वर आली. त्यामुळे प्लावक बलाचा मध्य उजवीकडे सरकतो. वर ढकलणारा जोर आता उजवीकडून लागतो.

बुगेर यांनी काय केले? या नव्या मध्यातून एक सरळ उभी रेषा काढली. जहाज सरळ असताना त्याच्या मधोमध जी उभी रेषा होती, तिला ही नवी रेषा कुठेतरी छेदते. तो छेदनबिंदू म्हणजे तिसरा बिंदू. त्याला बुगेर यांनी नाव दिले मेटासेंटर. आजही जगभरच्या गोद्यांमध्ये हेच नाव चालते.

नियम अगदी सोपा आहे. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर कललेले जहाज आपोआप सरळ होते. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला तर जहाज आणखी कलते आणि उलटते. या दोन बिंदूंमधले अंतर हेच जहाजाच्या तोलाचे माप!

इथे बऱ्याच मुलांची एक चूक होते. त्यांना वाटतं, गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या मध्याच्या खाली असलाच पाहिजे, नाहीतर वस्तू उलटेल. पूर्ण बुडालेल्या वस्तूसाठी, म्हणजे खोल पाण्यातल्या पाणबुडीसाठी, हे खरंच आहे. कारण ती कलली तरी बुडालेल्या भागाचा आकार बदलत नाही. पण तरंगणाऱ्या बहुतेक जहाजांचा गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या मध्याच्या वरच असतो. तरी ती सरळ उभी राहतात, कारण कलताना तो मध्य बाजूला सरकून त्यांना सावरतो. बुगेर यांच्या शोधाचे मर्म हेच आहे.

एक छोटे गणित

तरंगणारी एक साधी चौकोनी पेटी घ्या. ती ६ मीटर रुंद आहे आणि पाण्यात २ मीटर बुडाली आहे. प्लावक बलाचा मध्य बुडालेल्या भागाच्या मध्यावर, म्हणजे तळापासून १ मीटरवर.

अशा पेटीसाठी प्लावक बलाच्या मध्यापासून मेटासेंटर किती उंच, याचे सूत्र आहे : रुंदीचा वर्ग भागिले, बुडालेल्या खोलीची १२ पट.

म्हणजे ३६ ÷ २४ = १.५ मीटर. तळापासून मोजले तर मेटासेंटर १ + १.५ = २.५ मीटरवर.

आता पेटीचा गुरुत्वमध्य तळापासून २.२ मीटरवर असेल तर तो मेटासेंटरच्या ०.३ मीटर खाली आहे. पेटी सुरक्षित. पण तेच वजन वर हलवले आणि गुरुत्वमध्य २.६ मीटरवर गेला तर? पेटी सरळ उभी राहणार नाही. वजन एका किलोनेही वाढले नाही, फक्त वर सरकले!

आता तेवढीच खोल बुडालेली, पण ७ मीटर रुंद पेटी घ्या. ४९ ÷ २४ म्हणजे सुमारे २ मीटर. मेटासेंटर तळापासून ३ मीटरवर गेला. रुंदी एका मीटरने वाढली आणि मेटासेंटर अर्धा मीटर वर चढला. म्हणूनच पसरट होडी सहज उलटत नाही आणि अरुंद होडीत नुसते उभे राहिले तरी ती डगमगते.

खरे जहाज पेटीसारखे नसते, त्याला पोट असते, वळणे असतात. त्यासाठी बुगेर यांनी जहाजाचे लहान लहान पट्टे पाडून त्यांची बेरीज करण्याची रीत वापरली. समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तुम्ही शिकलात ना, तेच! कागदावरच्या नकाशावरून जहाज किती पाणी बाजूला सारेल, प्लावक बलाचा मध्य कुठे येईल आणि मेटासेंटर कुठे, हे सगळे लाकूड कापण्याच्या आधीच काढता येऊ लागले.

पुन्हा तो ओळंबा

पण एक अडचण उरते. जहाजाच्या आकारावरून मेटासेंटर सापडतो, गुरुत्वमध्य मात्र प्रत्येक लाकडाचे, प्रत्येक तोफेचे आणि पिंपाचे वजन धरून काढावा लागतो. फार किचकट काम! यावर बुगेर यांनी एक तपासणीची रीतही गणितासह मांडली. जहाज शांत पाण्यात उभे करा. माहीत असलेले वजन डेकवर एका बाजूला, मोजलेल्या अंतरावर सरकवा. जहाज किती अंश कलले ते मोजा. त्यावरून गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांच्यातले अंतर निघते.

आणि कल कशाने मोजतात? जहाजात लटकवलेल्या ओळंब्याने! नवे जहाज बांधून झाले की ही चाचणी आजही घेतली जाते.

'वासा'वरचे तीस खलाशी आठवा. चाचणी तशीच होती : वजन या बाजूकडून त्या बाजूकडे. फरक इतकाच की त्या दिवशी कुणी आकडा काढला नाही, कारण आकडा कसा काढायचा हे कुणाला माहीत नव्हते. पळणारी तीस माणसे आणि एक ओळंबा, एवढ्यावर राजाला उत्तर देता आले असते.

शेवटची वर्षे

त्याच सुमारास ऑयलर यांनीही स्वतंत्रपणे जहाजाच्या तोलाचे गणित मांडले. त्यांचा ग्रंथ १७४९ मध्ये निघाला. वीस वर्षांपूर्वीचे दोन स्पर्धक वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते. ऑयलर यांचे गणित जास्त सफाईदार, पण गोदीत काम करणाऱ्यांना वापरता आले ते मुख्यतः बुगेर यांचे. पॅरिसमध्ये जहाजबांधणीची शाळा चालवणारे दुआमेल द्यू मोंसो यांनी १७५२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात बुगेर यांच्या रीती घेतल्या आणि त्या शिकाऊ कारागिरांपर्यंत पोचल्या. डोंगरांवर बरोबर असलेले होर्हे हुआन यांनीही पुढे स्पेनमध्ये जहाजशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला.

बुगेर यांचा स्वभाव मात्र काटेरी होता. ला काँदामिन यांच्याशी सुरू झालेले भांडण परतल्यावर पुस्तकांतून चालू राहिले आणि शेवटपर्यंत मिटले नाही. गोड बोलणारे ला काँदामिन लोकांना जास्त आवडले, मोजमापात चोख असलेले बुगेर एकटे पडत गेले. तरी त्यांचे काम थांबले नाही. त्यांनी नौकानयनावर आणि जहाज हाकण्यावर पुस्तके लिहिली, प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे शास्त्र उभे केले. १५ ऑगस्ट १७५८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. प्रकाशावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रकाशित झाला. आज त्यांना जहाजबांधणी शास्त्राचे जनक म्हणतात, आणि चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

सूत्र माहीत असणे पुरेसे नाही

इथे गोष्ट संपली असे वाटेल, पण एक सावधगिरीची सूचना राहिली. बुगेर यांचा मेटासेंटरचा नियम जहाज थोडे कलले असेल तेव्हाचा आहे. जास्त कलल्यावर दुसरेच प्रश्न येतात. उदाहरणार्थ, डेकची कडा पाण्याखाली कधी जाते?

६ सप्टेंबर १८७० च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, स्पेनच्या फिनिस्तेर भूशिराजवळ ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' वादळात उलटली. जवळजवळ पाचशे माणसे बुडाली, तिचे आराखडे करणारे कूपर कोल्सही त्यात होते. ही नौका ठरल्यापेक्षा जड झाली होती, त्यामुळे पाण्याबाहेरची तिची बाजू फारच बुटकी राहिली होती. त्यावर उंच डोलकाठ्या आणि शिडे. थोडे कलल्यावर ती सावरत असे, पण कडा पाण्याखाली गेल्यावर सावरणारा जोर झपाट्याने कमी होत गेला. जहाज धोक्याचे आहे असे जाणकारांनी सांगितले होते. या वेळी गणितही उपलब्ध होते. तरी हट्ट जिंकला आणि माणसे हरली.

'वासा'च्या वेळी माप नव्हते. 'कॅप्टन'च्या वेळी ज्ञान होते, पण त्याचे ऐकले गेले नाही. बुगेर यांनी आपल्याला नाही म्हणण्याचा आधार दिला. नाही म्हणण्याचे आणि ते ऐकण्याचे धैर्य मात्र आपले आपल्यालाच आणावे लागते.

करून पाहा

१. एक उभट, रिकामा प्लास्टिकचा डबा झाकण लावून बादलीतल्या पाण्यात उभा सोडा. तो आडवा होईल. आता तळाशी थोडी थोडी वाळू भरत जा. एका क्षणी तो उभा राहील. तो क्षण म्हणजे गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली आल्याचा क्षण!

२. मोठ्या घमेल्यात किंवा हौदात एक लहान परात तरंगवा. मधोमध एक छोटी वाटी ठेवा. वजन वर आहे, तरी परात उलटत नाही. का, ते रुंदीवरून सांगा.

३. आता परात हळूहळू एका बाजूला दाबा. कडा पाण्याला टेकेपर्यंत हात काढला की ती सावरते. कडा बुडाली की काय होते ते पाहा आणि 'कॅप्टन' आठवा.

४. परातीत दोन पेले पाणी ओता आणि पुन्हा हलवा. आतले पाणी कललेल्या बाजूलाच धावते. मोठ्या जहाजांच्या टाक्यांमध्ये आडव्या-उभ्या भिंती घालून वेगळे कप्पे का करतात, याचा विचार करा.

मुलांनो, पुढच्या वेळी होडीत बसाल आणि नावाडी खाली बसायला सांगेल, तेव्हा हसू नका, कंटाळू नका. तुम्ही उभे राहिलात की होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, हे आता तुम्हाला माहीत आहे. नावाड्याचे हात जे जाणतात, तेच ब्रिटनीतल्या एका सोळा वर्षांच्या मास्तराने पुढे डोंगरावर बसून कागदावर उतरवले. मुकाट्याने खाली बसा, आणि शेजाऱ्याला मेटासेंटर समजावून सांगा!